पाटीवरची रिकामी जागा

गुरुजी, आज मुलीला घेऊन इथल्या, अबुधाबीतल्या, शहीद स्मारकावर गेलो होतो. एकमेकांना टेकून उभे असलेले धातूचे प्रचंड स्तंभ, आणि आत या देशासाठी पडलेल्या एकेका सैनिकाचं नाव कोरलेलं. "एव्हरी वन, बाबा?" मुलगी कुजबुजली. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक वृद्ध अरब एका नावावर तळवा ठेवून उभे होते. आम्हाला पाहून हिंदीत म्हणाले, "मेरा छोटा भाई," आणि तिला वाचता यावं म्हणून हात बाजूला घेतला. बोटभर लांबीच्या त्या अक्षरांपुढे मला मान वर करवेना.

तुम्ही आठवलात. आपल्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली पाटी: या गावातून अकरा माणसं महायुद्धावर गेली. नाव एकाचंही नाही. तुम्ही विचारता, "यात आमचे आजोबा कितवे, सांगा बरं?" वर्ग हसतो, तुम्हीही हसता. मग आम्हाला शिवेवर नेता. शेंदूर लावलेला दगड, त्यावर घोडेस्वार, वर चंद्रसूर्य. "आणि हे त्या आजोबांचे आजोबा. डोंगरात इंग्रजांशी लढताना गोळी लागली. हे तर मोजण्यातही नाहीत."

तरी कॉलेजात असताना शाळेच्या स्मरणिकेत गावाचा इतिहास लिहिला तो मी इंग्रजांचं गॅझेटिअर समोर ठेवून. त्यातला 'दरोडेखोर' तसाच उचलला. शाळेच्या ओट्यावर तुम्ही तो लेख वाचलात. "भाषा झकास आहे रे. पण आमच्या म्हाताऱ्याला दरोडेखोर केलंस."

"गॅझेटिअरमध्ये तसंच आहे, गुरुजी."

"गोळी घालणाऱ्यांनीच लिहिलंय ते. ओवाळतील होय त्याला?"

मी पुरावा मागितला. तुमच्याकडे, त्या दगडाच्या पणतूच्या मुलाकडे. तुम्ही चष्मा पुसलात आणि माझ्यासाठी चहा सांगितलात.

आता शाळा त्या दगडाशेजारी पाटी लावते आहे. मजकूर माझ्याच लेखातून घेतलाय, तो 'दरोडेखोर' शब्दही. नव्या मुख्याध्यापकांचा मेसेज आला: "सर, फक्त ओके म्हणा, उद्या कोरायला देतो."

स्मारकावरून घरी आलो आणि ओके म्हटलं नाही. 'इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले' असं लिहिलं. वाक्याच्या सुरुवातीला नाव हवं होतं. तुमच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "ते आमच्या दादांनाच ठाऊक होतं, त्यांच्याबरोबरच गेलं. तुम्ही तर त्यांच्याकडे किती बसायचात, तुम्हाला नाही सांगितलं?"

नाही, गुरुजी. मी पुरावा मागितला होता. नाव विचारलं नव्हतं.