कुऱ्हाडीची पाचर

मी, खंडोजीराव यशवंतराव बाबर, वय एकाहत्तर, निवृत्त माळी, राहणार चामराजपेट, बेंगळूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेलं नसताना हे लिहून ठेवतो.  लिहायला बसलो ते पाचव्या कलमासाठी.

१. राहतं घर पत्नी मालनबाई हिला. तिच्यामागे मुलगा शंभूराज याला.

२. हत्यारं मात्र शंभूराजला नाहीत. चिखलाचं फावडं तसंच भिंतीला टेकवून हा जेवायला बसतो. माती पूस, स्वल्प तेल लाव, जागेवर ठेव, एवढंच सांगतो मी. "सरी अप्पा" म्हणून मान हलवतो आणि जातो.

३. कुदळ, खुरपी, करवत, छाटणीची कात्री आणि सगळ्या कानशी माझा धाकटा भाऊ मल्हारराव याची मुलगी दिव्यश्री हिला. कात्रीचा खिळा काढून आतला चीक पुसणारी घरात ती एकटीच.

४. शिडी शेजारचे देवाप्पा यांच्याकडे दोन वर्षं आहे. ती त्यांनी परत आणावी. हे देणं नव्हे, मागणं आहे. सबब त्यांच्या साक्षीला बाध येत नाही.

५. कुऱ्हाड कुणालाच नाही. ती मोडीत घालावी. कारण लिहितो.

एकोणीसशे सत्त्याहत्तरची खंडेनवमी. आदल्या दिवशी हत्यारं धुताना कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर ढिली दिसली. नवी ठोकायला हवी होती. मी आळस केला. वर हळदकुंकू थापलं आणि पूजेत मांडली. हत्यारांच्या बाबतीत ज्याचं नाव गल्लीभर घेतात, त्या माणसानं हे केलं.

दुपारी पाहुणे जास्त झाले, सरपण संपलं. मल्हाररावची बायको विमला म्हणाली, "भावजी, दोन लाकडं फोडून द्यायला सांगा ना यांना." मी पाहुण्यांशी बोलण्यात होतो, ऐकूनही पाचरीचं सांगितलं नाही. मल्हाररावनं पूजेतली कुऱ्हाड उचलली. तिसऱ्या घावाला पातं निसटून विमलाच्या गुडघ्यावर बसलं.

अरे देवा, तेव्हा तरी तोंड उघडायचं! उघडलं, पण काय म्हणालो? चाळीस माणसांसमोर ओरडलो, "पूजेतलं हत्यार उचललंस, खंडोबा कोपला!" सगळ्यांना पटलं. मल्हाररावलाही पटलं. विमला कण्हत म्हणत होती, "लाकडं मीच मागितली." संध्याकाळी ती दवाखान्यात असताना मी नवी पाचर ठोकली. पूजा उठली नव्हती. मीही ते हत्यार उचललंच की! माझ्यावर कुणी कोपलं नाही.

तेव्हापासून दर खंडेनवमीला मल्हारराव राजाजीनगरहून येतो आणि पूजेच्या खोलीबाहेर उभा राहतो. आरतीला हात लावत नाही. विमला जिना एकेक पायरी बसत चढते. एकोणीस वर्षं मी त्या दोघांना प्रसाद वाढतोय. लाज वाटते. हे लिहितानासुद्धा "पाचर ढिली होती" असं लिहावं, "मला माहीत होतं" हे गाळावं, असा मोह झाला. माहीत होतं.

६. मल्हारराव व विमला यांना मी काहीही ठेवलेलं नाही. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला काही ठेवलं तर ते टिकत नाही, असं वकिलांनी सांगितलं. मेल्यावर वाचलं जाईल म्हणून लिहायला धीर आला होता. तो भेकडपणा झाला. म्हणून मल्हाररावच साक्षीदार हवा. सही करण्याआधी त्यानं सगळं माझ्यासमोर वाचावं.

चामराजपेट, बेंगळूर
९ ऑक्टोबर १९९६

खंडोजीराव यशवंतराव बाबर (सही)

साक्षीदार:
१. देवाप्पा (सही). शिडी उद्या आणतो.
२. वाचलं. अण्णा, आज सही करत नाही. रविवारी विमलाला घेऊन येतो. तिला तू स्वतः वाचून दाखव. ती म्हणेल तर करीन. मल्हारराव