तिसरी काठी

कारनबेग,
१८ सप्टेंबर १९६२

चि. अट्रॅक्टा हिस,

मॅलकीदादाचे अनेक आशीर्वाद. आपण हर्लिंगच्या फायनलला गेलो. मधल्या गटाचा हा चषक मिळाला की पुढच्या वर्षी कारनबेग वरच्या गटात, काउंटीतल्या मोठ्या गावांच्या पंक्तीला. बाबा खेळत होते तेव्हा एकदा हे झालं होतं, त्यानंतर नाही.

तुझ्या लेकानं एकट्यानं सामना ओढला, हे मामा म्हणून नाही, संघाचा कारभारी म्हणून सांगतो. पहिल्या अर्ध्यात समोरच्या धटिंगणाची काठी त्याच्या उजव्या कानाच्या वर बसली आणि तो आडवा झाला. पाणी मारलं. आपला कप्तान जार्लथ, त्यानं तीन बोटं नाचवून किती म्हणून विचारलं, तर फिन्टन म्हणतो, तुला तरी मोजता येतात का. मग उठला आणि त्यानंतर दोन गोल केले. फादर कॉनीली म्हणाले, की काठी डोक्यात बसल्यावर असा खेळत असेल तर प्रवचनात पेंगणाऱ्या जार्लथलाही आधी एक द्यायला हवी.

फिन्टनच्या हातातली काठी अर्थात मी घडवलेली. अ‍ॅशच्या झाडाच्या बुंध्यातली, जिथे मूळ वळतं तिथलं लाकूड. लाकडाची रेघ पात्याच्या टोकापर्यंत न तुटता वळलेली. कुठल्याही कारखान्याचा पदवीधर येऊन मला ती रेघ दाखवून देईल तर मी त्याच्याकडे उमेदवारी करीन.

फायनल चौदा ऑक्टोबरला. इंग्लंडच्या चहानं तुझी जीभ अजून शाबूत असेल तर दोन शब्द लिही. माया आटू देऊ नको.

तुझा,
मॅलकीदादा


कॉव्हेंट्री,
२५ सप्टेंबर १९६२

ती. दादास,

शि. सा. न. पत्र पोचलं. वॉर्डातल्या केरीच्या नर्सला मुद्दाम वाचून दाखवलं, कारण तिच्या गावचा संघ तळाच्या गटात आहे. दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

चहा इथला पाणचट आहे, पण जीभ शाबूत आहे, म्हणून विचारते. ते डोक्यात बसलेलं तू एका ओळीत उरकलंस आणि लाकडाला पाच ओळी दिल्यास. मी शिकलेली नर्स नाही, फरशी पुसते आणि ताटं वाटते. पण ज्या वॉर्डात ताटं वाटते तिथे सगळे डोक्याचेच आहेत. त्यातले निम्मे त्या दिवशी उठून घरी चालत गेलेले असतात. म्हणून नीट लिही. फिन्टनचं डोकं दुखतं का? सकाळी जास्त दुखतं का? ओकारी झाली का? झोपतो किती? एकेकाचं उत्तर दे. काठीची मापं देतोस तसं.

त्याचे वडील गेल्यावर तुझ्याकडे ठेवून मी इकडे आले, ते तू त्याला माझ्यापेक्षा बारकाईनं पाहशील म्हणून. बाकी ठीक. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
अट्रॅक्टा


कारनबेग,
८ ऑक्टोबर १९६२

चि. अट्रॅक्टा हिस,

अ. उ. आ. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण काठ्या. सगळ्या संघाच्या काठ्यांना नव्या पत्र्याच्या पट्ट्या ठोकतोय.

तुझी उलटतपासणी वाचली. डोकं सकाळी दुखतं, हे खरं. पण शनिवारी जार्लथची बहीण फिलोमिना नाचायला आली की आमच्याकडे रविवारी सकाळी अर्ध्या गावाचं डोकं दुखतं. ओकारी एकदा, तीही माझा कोबी खाऊन. झोपतो भरपूर, दुपारीसुद्धा. सराव कडक चाललाय.

खरी अडचण निराळी आहे आणि ती मी शोधून काढली. डावीकडून येणारा चेंडू त्याला लागत नाही. उजवीकडचा बिनचूक, डावीकडचा हुकतो, किंवा काठी वीतभर अलीकडून फिरते. टॉस हेनेगन निवड समितीत असून म्हणतो, पोरगा घाबरला. टॉसला खेळ कळत नाही आणि लाकूड तर त्याहून नाही. तोल चुकलाय. मी पात्याच्या टाचेकडून रंधा मारला. फरक नाही. दुसरी दिली, मानेला बारीक केली. तीच तऱ्हा. डाव्या हातात काठी जड वाटते, निसटते, असं तो स्वतःच म्हणाला. म्हणजे माझं निदान बरोबर. आता तिसरी, जपून ठेवलेल्या बुंध्याची. तिलाही मान बारीक हवी, रोज थोडी काढतोय.

बाकी लेक तुझा प्रेमात पडलाय, हे माझं दुसरं निदान. परवा सायकल फाटकाच्या डाव्या खांबावर घातली. खांब बाबांच्या काळापासून तिथेच आहे. दाढी करतो ती अर्धी. जेवायला बसला की ताटातलं अर्धंच खातो, बटाटे तसेच. वाढलेलं टाकू नको म्हणून ओरडलो, तर म्हणतो, कुठले बटाटे. मग मी ताट फिरवून देतो, की मुकाट खातो. रोजचा खेळ झालाय आमचा. फिलोमिनाला हे सांगितलं तर हसून पडेल.

तारा यायला लागल्या आहेत. बॉस्टन, लिव्हरपूल, एक तर सिडनीहून. बाजारगावच्या टपाल कचेरीतून माणूस आणून देतो आणि मी न उघडता पत्र्याच्या पेटीत टाकतो. फायनलच्या आठवड्यातली तार मैदानात उतरायच्या अगदी तोंडावरच कप्तानानं फोडायची, हे बाबांनी घालून दिलंय. एकदा कोणीतरी आधी फोडली होती, त्याचा निकाल तुला माहीत आहे. तुझी तार अजून नाही. कंजूषपणा करू नको.

माया असू दे.

तुझा,
मॅलकीदादा


कॉव्हेंट्री,
१३ ऑक्टोबर, शनिवार

दादा,

पत्र आज सकाळी मिळालं. वाचता वाचता त्याच्या अर्ध्या ताटाशी पोचले आणि तिथेच थांबले.

काठीत खोट नाही. ऐकतोयस ना? तिन्ही काठ्यांत नाही. आमच्या वॉर्डात एक गवंडी होता, अर्धं ताट खायचा. बायको म्हणायची, रुसलाय. मी ताट फिरवलं की उरलेलं खायचा, तुझ्या घरात चाललंय तसंच. त्याला डावीकडे जग आहे हेच कळत नव्हतं. उजवीकडे कवटीच्या आत रक्त थेंबथेंब साचत होतं, महिनाभर. बायकोनं आणलं तेव्हा उशीर झाला होता.

तशीच धावत पोस्टात गेले. फादरच्या घरी फोन लावायला सांगितला, वाजत राहिला. गावात दुसरा फोन नाही. मग तार केली: फिन्टनला खेळवू नकोस, डोक्यात रक्त आहे, दवाखान्यात ने. पैसे देऊन रस्त्यावर आले आणि तुझी पेटी आठवली.

दुसऱ्या कोणाच्या नावे तार करायला परत फिरले तर शनिवारची खिडकी बंद. बाई काचेआड टोपी घालत होती. काच ठोकली, तिनं घड्याळ दाखवलं.

माझ्या हातानं मी ती तार तुझ्या पेटीत टाकली आहे, दादा. मी त्या घरात वाढले, मला आधी आठवायला हवं होतं. दादा, ती पेटी फोड. बाबांची रीत मोड. हे तुला सामन्यानंतरच मिळेल हे कळतंय, तरी लिहितेय. बोटीच्या गाडीला अजून वेळ आहे आणि हात स्वस्थ बसत नाहीत. रजा मिळाली नाही, तरी निघतेय. उद्या दुपारी गॉलवेला उतरेन, सामना तीनला. तिथून मैदान लांब आहे. मी पोचणार नाही.

आज संध्याकाळी त्याचं ताट फिरवू नकोस. काय उरतं ते बघ.

अट्रॅक्टा


कारनबेग,
२२ ऑक्टोबर १९६२

चि. अट्रॅक्टा हिस,

आशीर्वाद. ड्रेसिंग रूममध्ये काय झालं, हे तू दवाखान्यात विचारलंस आणि मी टोपी उचलून बाहेर आलो. आता लिहितो.

पेटी मीच बाकावर ठेवली. जार्लथ एकेक तार फोडून वाचत होता. बॉस्टनहून त्याच्या काकानं कळवलं होतं, की हरलात तर मी कारनबेगचा नाही, शेजारच्या मेयोचा आहे असं सांगीन. पोरं हसत होती. पुढची तुझी. जार्लथनं त्याच हसऱ्या आवाजात सुरुवात केली, फिन्टनला खेळवू नकोस, आणि तिथेच कागद खाली केला. उरलेली त्यानं माझ्या हातात दिली. बाहेर बँड वाजत होता.

टॉस म्हणाला, आईची जात आहे, घाबरणारच. अर्ध्या वेळेपर्यंत खेळवू, मग बघू. दोघाचौघांनी माना डोलावल्या. माझीही मान हलायच्या बेतात होती, हे तुला सांगतो. तेवढ्यात फिन्टनकडे पाहिलं. तो दाराशी तयार उभा होता. उजव्या पायात बूट, दुहेरी गाठ मारलेला. डाव्या पायात नुसता मोजा. बूट तिथेच डावीकडे पडलेला. मी म्हटलं, दुसरा बूट घाल. तो म्हणाला, घातलाय की.

मी जाऊन त्याच्या हातातली काठी काढून घेतली. त्यानं सोडली नाही आधी. म्हणाला, मामा, तूच म्हणालास ना खोट काठीत आहे. ही तिसरी तर चांगली आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उत्तर दिलं नाही.

फादर त्या सकाळीच धर्मशिबिराहून परतले होते, त्यांच्या गाडीतून गॉलवेच्या दवाखान्याकडे निघालो. अर्ध्या वाटेवर तो झोपला. पुढे हाक मारली तर उठला नाही. त्यानंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सामना एका गुणानं गेला. फिन्टनच्या जागी जार्लथचा धाकटा भाऊ उतरला, आणि घाईत फिन्टनचीच काठी घेऊन उतरला. शेवटची फ्री हिट त्यानं मारली तेव्हा काठी मानेत मोडली. मानेचं लाकूड मी रोज थोडंथोडं काढत होतो ना. बुंधा निर्दोष होता. तुकडे टॉसनं आणून माझ्या कामाच्या बाकावर ठेवले. त्यानं आपल्या पोरांच्या काठ्या आता परगावाहून मागवल्यात. दुकानात कोणी येत नाही. फायनल गेली म्हणून की फिन्टनमुळे, मी विचारलेलं नाही.

फादर बुधवारी तिकडे येतात. त्यांच्याबरोबर अंडी, लोणी आणि एक केक पाठवतो. त्याला फळं चालतात का, कळव. हवा पावसाळी आहे, तू शाल घेत जा.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे.

मॅलकी


गॉलवे,
२ नोव्हेंबर १९६२

ती. दादास,

सा. न. अंडी मिळाली, एक फुटलेलं. केक नर्सांनी संपवला. फळं चालतात.

फिन्टन बसतो आता. केस कापलेत, टाक्यांची रेघ कानावरून मागे वळते. तू पाहिलीस तर रेघ कशी वळली हे मला समजावून सांगशील. बोलतो सगळं नीट. जार्लथ भेटायला येऊन गेला, तर हा त्यालाच म्हणाला, बोटं मोजून दाखव. डावा हात मात्र अंथरुणावर ठेवलेला असतो, जसा दुसऱ्या कोणाचा. सर्जन म्हणतात, येईल कदाचित, पूर्ण नाही. चेंडूचं विचारलं तर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

काल ताटातलं निम्मं राहिलं. मी हात पुढे केला, तर त्यानं थांबवलं आणि आपल्या उजव्या हातानं सावकाश ताट फिरवलं. म्हणाला, मामा रोज असंच करायचा. मग बटाटे खाल्ले. मी तोंड धुवायला गेले.

रोज तो एकच निरोप देतो आणि रोज मी तो तुला कळवत नाही. आज कळवते. त्याला नवी काठी हवी आहे. डावा हात आता अशक्त आहे, तेव्हा मामाला म्हणावं, मान आणखी बारीक कर. मागच्यात थोडीच खोट राहिली होती.

डॉक्टरांनी त्याला रक्ताचं सगळं सांगितलंय. तो ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, ते असेल, पण काठीतही खोट होती, मामाला लाकूड कळतं. खोट नव्हती, हे मी त्याला सांगू शकते. तो माझं ऐकणार नाही.

कारनबेगहून बस रोज सकाळी सुटते. या वेळी फादरबरोबर अंडी पाठवू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
अट्रॅक्टा