गुलाबाच्या कुंडीतली नववी पट्टी

सोमवार, ३ मार्च
आजपासून शिस्त. लॅबमध्ये मॅडम म्हणाल्या, महिन्याभरात तुमचं प्लास्टिक मातीत कुजताना दाखवा, नाहीतर काम बंद. दाखवतोच! त्यात लाकडाच्या भुशातला सेल्युलोज घातलाय. बुरशीला मेजवानी.

लॅबची माती मेलेली. घरी गॅलरीत हिचा गुलाब आहे, दहा वर्षं भाजीची देठं जिरवलेली माती. त्यात माझ्या प्लास्टिकच्या आठ पट्ट्या पुरल्या. ही असती तर हात लावू दिला नसता. मागे माझ्या प्रयोगात दोन रोपं गेली तेव्हा दोन दिवस अबोला होता. ही जाऊन पाच महिने झाले. मी सावरलोय.

रविवार, ९ मार्च
पहिली पट्टी उकरली, धुतली, तोलली. वजन चक्क वाढलं! काहीतरी घडतंय. लगेच मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, वाळवून तोललीत का? भुसा पाणी पितो, हे बावीस वर्षं मीच सगळ्यांना शिकवतोय. झोप कमी होते हल्ली.

गुरुवार, १३ मार्च
लेकीचा फोन. आधी गुलाबाची चौकशी, मग माझी. आईचं तेवढंच जिवंत उरलंय, म्हणाली. टवटवीत आहे, म्हटलं. चार पानं पिवळी आहेत, पण चार पानांचं काय एवढं.

रविवार, १६ मार्च
पट्ट्या वाळवून तोलल्या. जैसे थे. आणखी खोल पुरल्या. मुळं मध्ये येतात, नाइलाज आहे.

हिच्या बाकीच्या कुंड्यांत नावाच्या पट्ट्या आहेत. आइस्क्रीमच्या डब्याची झाकणं कापून त्यावर सुईने कोरायची, शाई धुऊन जाते म्हणून. हे शंभर वर्षं कुजणार नाही, मी करवादायचो. 'बरंच आहे की,' ती म्हणायची. गुलाबाला मात्र पट्टी नाही. विसरली असेल.

शनिवार, २२ मार्च
उद्यापासून रोज उकरणं बंद. (आज दोनदा.) खोड खालून काळं पडलंय. माळ्याने विचारलं, मुळांना कुणी हात लावतं का? छे, म्हटलं. मांजर असेल.

सोमवार, ३१ मार्च
काम बंद झालं. मॅडम फार नीट बोलल्या, तेच जास्त लागलं.

घरी येऊन पट्ट्या काढायला बसलो. गुलाब अलगद हातात आला, मुळं नव्हतीच. आठही पट्ट्या धडधाकट. खाली नववी निघाली. माझी नव्हे, पांढऱ्या झाकणाची. पहिल्या दिवशी माती सारताना मीच गाडली असणार. नळाखाली धरली. हिचं अक्षर, एक रेघसुद्धा पुसलेली नाही.

'अहो, पाणी बेताचं घाला. उकरू नका.'

दवाखान्यात जायच्या आधी कोरली असेल. मला ओळखून होती.

लेकीला फोन लावला. टवटवीत आहे म्हणणार होतो, पण रडूच आलं.

आठ पट्ट्या टाकून दिल्या. नववी पुसून उशाशी ठेवलीय. ती कुजणार नाही.