शेवटच्या प्रसंगाचं संगीत

सेन्सेई, हे मराठीत लिहितेय. तुम्हाला एक अक्षर कळणार नाही, म्हणूनच जरा मोकळं लिहिता येईल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला तुमचा हेवा वाटतो. जिवंत होतात तेव्हाही वाटायचा, पण तेव्हा तुम्ही समोर बसून चहा ओतायचात, त्यामुळे तो टिकायचा नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात, उरायासुला आले आणि पुण्यात शिकलेल्या पियानोच्या बळावर तुमच्याकडे बाईतो, म्हणजे अर्धवेळ काम मिळालं: तुम्ही रचलेलं संगीत वादकांसाठी सुवाच्य उतरवून द्यायचं. तुमचा स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. एकीकडे भात शिजतोय, दुसरीकडे तुम्ही पेन्सिलीने कुठल्याशा सिनेमातल्या विधवेला स्टेशनवर उभी करताय. तरुणपणी सिनेमे, मग टीव्हीवरच्या मालिका, आणि म्हातारपणी हवामानाच्या बातम्यांची ती चाल, जी आमच्या इथला मासळीवाला आजही गुणगुणतो. मी त्याच्याकडून बांगडा घेते आणि मनात म्हणते, माझंही एखादं गुणगुण ना बाबा. पहिल्यांदा मी स्वतः एका प्रसंगासाठी काही लिहून दाखवलं तेव्हा तुम्ही कागदावरून मान वर न करता म्हणालात, "बाई अजून दारातून आत आलेली नाही आणि तुमची व्हायोलिनं रडायला लागली." त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

तर, तुमची ती डॉक्टरांची मालिका पुन्हा सुरू झाली आणि या वेळी संगीत माझ्याकडे आलं. पद्धत अजून तीच. प्रसंग बघून संगीत करायचं नाही. 'काळजी', 'सुटका', 'जुनी मैत्री' असे तुकडे आधीच ढिगाने ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, मग निवडणाऱ्या बाई त्यातला हवा तो उचलून प्रसंगाला लावतात. गोची अशी की त्यांच्याकडे तुमचेही जुने तुकडे आहेत. एकेक भाग होत गेला आणि मोक्याच्या जागी माझं निघून तुमचं लागत गेलं. दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचे. दर वेळी वाकून म्हणायचे, "माफ करा हं, पण इथे मोठ्या सेन्सेईंशिवाय जमत नाही." मीही वाकायचे. केस पांढरे झाले तरी मी धाकटीच.

शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंग तरी माझा असावा, एवढंच मला हवं होतं. मिक्सिंगच्या दिवशी मुद्दाम जाऊन बसले. पडद्यावर म्हातारी डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावते आणि नुसता पियानो सुरू होतो. एकेक सूर, कसली घाई नाही. ऐकल्याबरोबर वाटलं, हे तुमचंच. गेलं, हेही गेलं. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाले, "बघा, हे मोठे सेन्सेईच. हेच ठेवा."

जेवणाच्या सुट्टीत निवडणाऱ्या बाई माझ्यामागोमाग चहाच्या मशीनपाशी आल्या. "तुमचाच आहे तो. 'सुटका'मधला. बाकीची वाद्यं बंद केली, खालचा पियानो तेवढा ठेवला. फार गर्दी करता तुम्ही." इतक्या महिन्यांपूर्वी लिहिलेला, ढिगातला एक, मला ओळखूच आला नव्हता.

"त्यांना सांगू?" बाईंनी विचारलं.

"थांबा, आधी प्रसारित होऊ दे. माझा आहे कळलं तर काढतील."

बाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. मला हसू आलं नाही.

परवा तो भाग लागला. नवरा म्हणाला, "अगं, हे सरांचं ना? काय माणूस होता!" मी नुसतं "हं" म्हटलं. दिग्दर्शकांनाही अजून सांगितलेलं नाही, सांगेन कधीतरी. पण तुम्हाला सांगते. पियानो सुरू झाला तेव्हा, तो माझाच आहे हे पक्कं माहीत असूनही, मला पुन्हा तुमचाच हेवा वाटला.