नाथाजी डायरी वर्क्स

११ ऑक्टोबर १९७८, दसरा. सकाळ.
आज मुहूर्त. ज्या डायरीत हे लिहितोय, ती मी स्वतः घरी बांधलेली पहिली डायरी. कागद शाळेच्या वहीचा, आखीव, कराडच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त. पुठ्ठा बुटाच्या खोक्याचा. पण हातात घेतल्यावर कुणाला खरं वाटणार नाही.

अंबाल्याला आमच्या कर्नलसाहेबांकडे चामडी डायरी होती. मी त्यांच्या ऑफिसात हवालदार क्लार्क. ती डायरी टेबलावर सरळ लावून ठेवणं हे माझं काम. तेव्हाच ठरवलं होतं, पेन्शनीत निघालो की उंब्रजला जाऊन असल्या डायऱ्या बांधायच्या. साध्या माणसाला परवडतील अशा.

प्लॅन: दिवाळीपर्यंत उंब्रज. उन्हाळ्यापर्यंत कराड आणि सातारा. पुढच्या दसऱ्याला सांगली.

दाभण, कात्री आणि खळीचं पातेलं पूजेला मांडलं. हरणाबाईने ते उचलून खुरप्यांच्या पलीकडे, कोपऱ्यात ठेवलं. बायकोला यंत्रसामग्रीची कदर यायला वेळ लागतो.

संकल्प: रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.

१३ ऑक्टोबर
काल लिहिता आलं नाही. कालचं पान परवाच्या पानाला चिकटलं. खळ जरा सढळ हाताने लागली. सुरीने सोडवताना दसऱ्याचा निम्मा मजकूर गेला, पण मुद्दा माझ्या लक्षात आहे.

१६ ऑक्टोबर
खळीसाठी गव्हाचं पीठ लागतं. हरणाबाई म्हणाली की पिठाच्या चपात्या पण होतात. मी तिला भांडवल म्हणजे काय ते समजावलं. ती ऐकत होती. नंतर कळलं की पिठाचा डबा वरच्या फळीवर गेला आहे आणि शिडी शेजाऱ्यांकडे.

बांधलेल्या डायऱ्या दाबून ठेवायला वजन पाहिजे. माझी मिलिटरीची ट्रंक वर ठेवली. कमी पडली. मग ट्रंकेवर मी बसलो. दुपारभर बसून होतो. घरात आलेल्यांना वाटलं मी रिकामा बसलोय.

१९ ऑक्टोबर
दादा आले होते. थोरले बंधू दादासो. शेत तेच बघतात, माझ्या वाटणीचं सुद्धा. उसाला पाणी द्यायचं आहे, चार दिवस येतोस का, असं विचारत होते. मी त्यांना प्रॉडक्शनची परिस्थिती सांगितली. ते थोडा वेळ ट्रंकेकडे आणि ट्रंकेवरच्या माझ्याकडे बघत उभे राहिले. मग टोपी डोक्यावर सारखी करून गेले.

दादांना माझ्याबद्दल थोडी असूया वाटत असावी. साहजिक आहे. त्यांनी चौथीतच शाळा सोडली. त्यांना अभ्यासाची आवड नव्हती, असं आई म्हणायची. मी मॅट्रिक होईपर्यंत नांगर त्यांच्याकडेच होता. आवड ज्याची त्याची.

२४ ऑक्टोबर
कात्रीने कडा सरळ येत नाहीत. हरणाबाईच्या विळीवर कापून पाहिल्या. लाटेसारख्या आल्या. मशीनच्या डायऱ्या सगळ्या सारख्या दिसतात. माझी प्रत्येक वेगळी. गिऱ्हाइकाला हे सांगायचं, विसरायचं नाही.

दोन डायऱ्यांचे पुठ्ठे उलटे लागले. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या काढून ठेवल्या.

२७ ऑक्टोबर
पुठ्ठ्यावर कापड लावल्याने मालाला एकदम वजन आलं. ट्रंकेच्या तळाशी हिरव्या काठाचं जुनं लुगडं सापडलं. छान बसलं.

२८ ऑक्टोबर
लुगडं जुनं नव्हतं. दिवाळीसाठी ठेवलेलं होतं.

३० ऑक्टोबर
हरणाबाई परवापासून बोललेली नाही. घरात शांतता. कामाला पोषक वातावरण.

१ नोव्हेंबर, पाडवा
हरणाबाईने ओवाळलं. मी ताटात हिरव्या काठाची डायरी घातली. सगळ्या मालात ती सर्वांत चांगली होती. एका अर्थी तिचं लुगडं तिलाच परत मिळालं.

तिने डायरी उघडली, कोरी पानं पाहिली. विचारलं, "आवं, ह्यात काय लिवायचं?" मी म्हणालो, दिवसभरात काय झालं ते.

"दिसभर काय झालं ते मला ठावं हाय की."

यावरचं उत्तर सुचलं की इथे लिहीन. पण ती हसली, हे नमूद करण्यासारखं आहे. करंजी पण मिळाली.

८ नोव्हेंबर
मोठी बातमी. हायस्कूलच्या हेडमास्तरांना भेटलो. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात गुणवंत मुलांना बक्षीस काय द्यायचं, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. मी सॅम्पल दाखवलं. त्यांनी उघडून वास घेतला, मागे-पुढे केलं आणि म्हणाले, गावचा माणूस काही करतोय, आपणच घ्यायला पाहिजे. सगळी बक्षिसं माझ्या डायऱ्यांची. शाळेची ऑर्डर. सांगलीचा प्लॅन पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबवायचं कारण उरलेलं नाही.

नववीत पहिली आलेल्या मुलीला पहिलं बक्षीस. ही मुलगी म्हणजे आमची मनु. दादांची थोरली. मला तात्या म्हणते, दादांना आबा.

९ नोव्हेंबर
दादांच्या कानावर गेलं. संध्याकाळी स्वतः आले, उंबऱ्यावरच बसले. पाण्याचा विषय काढला नाही. एक तयार डायरी हातात घेतली आणि बोटांना माती असल्यामुळे लगेच खाली ठेवली. म्हणाले, "नाथा, पोरगी लय दिस वाट बघतीया बक्षिसाची. नीट बांध रं."

मी त्यांना क्वालिटीबद्दल निश्चिंत राहायला सांगितलं. मनुच्या डायरीवर सोनेरी अक्षरात नाव घालायचं ठरवलं. सोनेरी रंग बघायचा.

१५ नोव्हेंबर
शिलाई हा किचकट प्रकार आहे. पानांचे गठ्ठे करायचे, प्रत्येक गठ्ठा दाभणाने टोचायचा, मग दोऱ्याने एकमेकांत ओवायचा. बाइंडर लोक याला जुजबंदी म्हणतात. यात वेळ फार जातो आणि दाभण सारखं माझ्याच बोटात शिरतं. आज अंगठाही कामातून गेला.

ट्रंकेवर बसून विचार केला. शिलाईची गरजच काय? खळ चांगली असेल तर पानं कुठे जाणार? आजपासून शिलाई बंद. नुसती खळ. या पद्धतीला नाव द्यायला पाहिजे. "नाथाजी पद्धत" बरं वाटतं. त्यात बढाईही नाही.

२१ नोव्हेंबर
दादांचा ऊस तुटायला लागला. कारखान्याच्या टोळ्या आल्या. निरोप आला, माणूस कमी आहे. मी निरोप पाठवला, माणूस कामात आहे.

हरणाबाई भाकरी बांधून शेतावर गेली. तिला शेताची हौस आहे.

३० नोव्हेंबर
२२ ते २९ ही पानं निघून गेली. कुठे गेली ते समजत नाही. त्या दिवसांत विशेष काही घडलं नसावं.

एवढं आठवतं की दादांची कंबर धरली होती आणि हरणाबाई त्याबद्दल काहीतरी म्हणाली होती. मला वाटतं पानावर लिहिलं होतं.

६ डिसेंबर
झुरळं. खळीला लागली. काही डायऱ्यांच्या कडा बारीक नक्षी केल्यासारख्या झाल्यात. मनुची डायरी मात्र मी उशाशी घेऊन झोपतो. तिच्या नावाला सोनेरी रंग मिळाला नाही, पिवळ्या ऑइल पेंटने घातलं. "मनुबाई" एवढं मावलं, आडनावाला जागा पुरली नाही. आडनाव सगळ्यांना माहीतच आहे.

१५ डिसेंबर
सगळा माल हायस्कूलच्या ऑफिसात पोचवला. कपाटात रांगेत लावला. फार देखणा दिसत होता. कपाट लावून घेताना एका डायरीतून आवाज आला, लाकूड सुकताना येतो तसा. हवा कोरडी आहे.

उद्या पलटणीचा कोट घालायचा.

१६ डिसेंबर, शनिवार
संमेलन झालं. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी मैदानावर मांडव होता. वारा होता. आमचं मैदान हायवेच्या बाजूला उघडं, तिथे वारा असतोच, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून साताऱ्याहून एक रिटायर्ड सुभेदार आले होते. भारदस्त गृहस्थ. मी त्यांना सॅल्यूट केला. हेडमास्तरांनी माईकवर माझं नाव घेतलं, हाताने बांधलेल्या डायऱ्यांबद्दल बोलले, टाळ्या पडल्या. हरणाबाई बायकांत बसली होती. ती सुद्धा टाळ्या वाजवत होती, मी बघितलं.

दादा सगळ्यांत मागे उभे होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी. एक हात कंबरेवर.

मनुचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. सुभेदारांनी डायरी हातात घेतली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले की पोरी, बघू आत कागद कसा आहे. त्यांनी डायरी मधोमध उघडली.

आधी एकच पान उडालं. सुभेदारांनी ते पकडलं. पकडताना डायरी वाकडी झाली आणि बाकीची पानं एकदम गेली. पाखरांचा थवा उठावा तशी. मांडवातून, लोकांच्या डोक्यांवरून, मैदानावर. तेवढ्यात टेबलावरच्या बाकी डायऱ्याही सुटायला लागल्या. एकीचं पाहून दुसरी. मुलं ओरडत पळाली. हेडमास्तर माईकवर शांतता राखा म्हणत होते, आणि एक पान माईकलाच जाऊन चिकटलं.

मनु स्टेजवर तशीच उभी होती. हातात नुसता पुठ्ठा, त्यावर पिवळं "मनुबाई". ती रडली नाही. पण तिने खाली मान घातली. मला ते बघवेना. वाऱ्याचा दोष होता, असं मी शेजारच्या माणसाला सांगायला लागलो होतो, पण वाक्य पुरं झालं नाही.

कारण दादा पळाले. मागून सगळ्यांच्या मधून वाट काढत, धोतराचा सोगा हातात धरून, धरलेल्या कंबरेनिशी. पहिल्यांदा त्यांनी कुंपणाला अडकलेली पानं काढली, मग बाभळीखालची. आणि मग मी पण पळायला लागलो. का ते माहीत नाही. पलटणीचा कोट घालून पळणं सोपं नसतं.

पानं हायवेच्या कडेपर्यंत गेली होती. उसाच्या ट्रका उभ्या होत्या, त्यांच्या चाकांखाली वाकून आम्ही दोघं पानं गोळा करत होतो. एक पान ओढ्याच्या बाजूला चाललं, दादा त्याच्या मागे, मी दादांच्या मागे. ते पान काही सापडलं नाही. दादा बांधावर टेकले. मी शेजारी टेकलो. दोघांनाही धाप लागलेली. त्यांच्या धोतराच्या ओच्यात पानांचा ढीग.

मग दादा हसायला लागले. इतके, की कंबर धरून बसले. मी बरीच वर्षं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. म्हणजे डायऱ्यांचं मला वाईट वाटत होतंच.

हसून झाल्यावर म्हणाले, "नाथा, ह्यो धंदा काय तुजा न्हवं गड्या."

मी कोटावरची धूळ झटकली.

"उद्या पान्यावर ये. माज्यानं आता एकट्यानं व्हत न्हाई."

एवढंच म्हणाले. हुकूम नव्हता, रागही नव्हता. मी काहीतरी कारण शोधत होतो. इतकी वर्षं क्लार्क होतो, कारणं मला लगेच सुचतात. या वेळी मी विचारलं, किती वाजता.

परत आलो तेव्हा मनु मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. आम्ही दोघांनी तिला पानं दिली. पानं कोरीच होती, त्यामुळे क्रम लावायचा प्रश्न आला नाही. ती आमच्या दोघांच्या धुळीने भरलेल्या कपड्यांकडे बघून हसली आणि म्हणाली, "तात्या, तुमाला आणि आबांना पळताना सगळ्या शाळेनं बघितलं." नंतर सुभेदारांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. ती पुठ्ठा छातीशी धरून उभी होती. फोटोत आत पानं नाहीत हे कळणार नाही.

१७ डिसेंबर
पाण्यावर गेलो. पाय चिखलात गेले ते गेलेच. दादांनी बारं कसं मोडायचं, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं वळवायचं, ते दोनदा दाखवलं. मी चुकीच्या वाफ्यात पाणी सोडलं. त्यांनी नुसतं फावडं हातातून घेतलं आणि पुन्हा दिलं.

हरणाबाईने भाकरी शेतावर आणली. मला पाहून थबकली. मग माझी भाकरी दादांच्या आधी वाढली.

१९ डिसेंबर
हात सोलवटले. दाभणाने व्हायचं ते नुकसान फावड्याच्या मानाने काहीच नव्हतं.

कराडला जाऊन मनुसाठी शिलाईची तयार वही आणली. तिची शिलाई ओढून पाहिली. घट्ट आहे. नाव मीच घातलं, शाईने, आडनावासकट.

२२ डिसेंबर
शेतावरून येताना दादा आणि मी हायवेवरच्या केरबाच्या हॉटेलात थांबलो. केरबा म्हणाला, संमेलनातल्या तुमच्या उरलेल्या डायऱ्या असतील त्या सगळ्या मला द्या. मी सावधपणे विचारलं, कशाला. तो म्हणाला, पानं न फाडता सुटतात, हाताला लय सोप्पं जातं. एक डायरी हेडमास्तरांकडून आणून त्याने आधीच वापरून पाहिली होती.

मी हो म्हणालो. दादा चहाच्या कपात बघत होते.

केरबाने भजी आणली. आखीव कागदावर. दादांनी एक उचललं, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागले.

भजी चांगली होती. कागदाने तेलही छान ओढलं होतं. कागद निवडला होता मीच.