आठव्या पोर्टचा दिवा

चोरखमारा

प्रिय हेमेंद्र,

पोळ्यापासून तुझा फोन बंद आहे आणि मी घाबरली आहे. आधी हेच लिहिते, बाकीचं मागून. गावाला वाटते मी बिबट्याला भेऊन राहिली, कारण परवा शेजारच्या बकारामच्या गोठ्यातली बकरी गेली. बिबट्याचं मला काही नाही. तो येतो, नेतो, निदान कॅमेऱ्यात दिसतो तरी.

पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून कॅमेऱ्यांच्या वायरी जोडायचं जुनं स्विच जळलं, तेव्हा नवीन तू माझ्याच हातून बसवून घेतलंस, आठवते ना? तू व्हिडीओ कॉलवर पुण्यात, मी स्टुलावर. तुझ्या बाबूजींना चढू नका म्हणालास, ते वायर ओढून पाहतील म्हणून. ते अजून त्यावरून फुगून आहेत. मी पहिली वायर उलटी घालून राहिली होती, अन् तू सांगत होतास की जोर नको लावू, टक् आवाज आला म्हणजे बसली. चार पोर्टमध्ये चार कॅमेरे, पाचव्यात रेकॉर्डर, अन् शेवटच्या आठव्यातून राऊटरकडे जाणारी वायर. मी विचारलं, एवढ्याशा डब्बीला समजते कसं काय कुठं पाठवायचं. तू म्हणालास, प्रत्येक यंत्राला आपापला पत्ता असतो, स्विच तो ध्यानात ठेवते अन् ज्याचं त्यालाच देते, आणि घराबाहेर जायचं ते राऊटरकडे जाते. मी म्हटलं, म्हणजे आमच्या अंगणवाडीतली नंदाबाईच झाली ही, ज्या लेकराचं ताट त्याच्याच पुढं. तू किती हसला होतास.

एक गोष्ट मात्र मी तुला सांगितली नव्हती. एकदा तू फोन करून म्हणालास की गोठ्याचं फाटक उघडं दिसते, तेव्हा मी स्विचसमोरच उभी होती. एरवी आठव्या पोर्टवरचा बारका दिवा मधूनच एखाद्या वेळी डोळा मारतो, त्या वेळी तो फडफड करत होता. घरातलं चित्र बाहेर तुझ्या मोबाईलवर जाऊन राहिलं होतं ना, म्हणून. त्या दिवसापासून मला कळायचं, तू आता पाहून राहिलास. तुझ्या जेवणाच्या सुटीत दिवा फडफडला की मी सूप घेऊन उगाच अंगणात जाऊन बसायची. आखाडीच्या सणाला नवीन लुगडं नेसून गोठ्यात गेली, शेण काढायला. बाबूजी म्हणाले, बाई खुळी झाली.

मग पावसात तो दिवा दिवस दिवस फडफडायला लागला. मी खूश. पोराला घराची ओढ लागली म्हणून बायांमध्ये मिरवलं मी. भर कामाच्या वेळी तुला एवढी फुरसत काऊन, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अन् पोळ्याला तो शांत झाला. मी म्हटलं, माझ्याच हातून काही बिघडलं असेल. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, टक् आवाज येईस्तोवर परत बसवल्या. राऊटर बंद करून चालू केला. गोंदियाहून आठव्यासाठी नवीन वायर आणवली. हेमू, चूक माझी निघावी म्हणून मी देवापुढं हात जोडले. शेवटी बाबूजींना घरच्या वायफायपासून दूर, कोहमाऱ्याला पाठवलं आणि तिथून त्यांच्या मोबाईलवर कॅमेरा उघडायला लावला. मी इथं स्विचसमोर उभी. दिवा फडफडला. म्हणजे वायर ठीक, राऊटर ठीक, सगळं ठीक. म्हणजे तूच पाहणं सोडलं होतंस. मी तिथंच खाली बसली. बाबूजी फोनवर ओरडून राहिले होते की तू दिसून नाही राहिली, आहेस कुठं.

तुझा खोलीतला जोडीदार स्वप्निल गणपतीसाठी गावी आला, तेव्हा त्याला धरलं. सांगेस्तोवर सोडलं नाही. कंपनीनं तुम्हा बऱ्याच पोरांना आखाडीनंतर लगेचच काढलं, तू खोलीही सोडलीस, नवीन पत्ता त्यालाही माहीत नाही, फक्त तुम्ही जेवायचे त्या पुण्यातल्या खानावळीत तू कधीमधी येतोस, एवढंच त्यानं सांगितलं. माझं मन नको तिथं जाऊन राहिलं आहे. ते मी इथं लिहिणार नाही. बाबूजी पोलिसात जाऊ म्हणतात. मी म्हटलं, हे पत्र आधी पोचू द्या, मग मीही येते.

म्हणून लिहिते आहे. स्वप्निल परत जाताना हे खानावळवाल्याकडे ठेवेल. नोकरी गेली तर गेली, बाबूजींनाही ठाऊक आहे, त्यांनी फक्त आपली खाट स्विचखाली ओढून घेतली. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू. यायचं नसेल तर आज नको येऊ. नुसता एकदा कॅमेरा उघड, कोणताही उघड, गोठ्याचा उघड. तू आहेस एवढं आम्हाला समजू दे. तू फोन विकला असशील तर कोणाचाही घे. पासवर्ड आम्ही बदललेला नाही.

तुझीच,
माय