धुरातल्या ठेसनाची वाटणी

मी भगवंत वल्द शालिकराम, धंदा भाजीमळा, राहणार आकोला, पुऱ्या शुद्धीत, कोणाच्या भरीस न पडता हे मृत्युपत्र लिहितो. आधी तब्येती. मैनाबाई, गुडघा कसा आहे? सूर्यभाना, खोकला? जमुने, अमरावतीचं पाणी मानवलं ना? माझी बरी आहे, म्हणूनच आत्ता लिहितो.

मोर्णा नदीकाठचा मळा, मोट व बैल मुलगा सूर्यभान याचे. घर पत्नी मैनाबाईचे. ती राहील तोवर तिचाच हुकूम.

आता तेलातले चित्र. देवळाच्या भिंती रंगवता रंगवता माझा हात बसला. ठेसनाची पाटी रंगवणाऱ्याला पाहून जवसाच्या तेलात रंग कालवायला शिकलो. मग पालाच्या जाड कापडावर आकोल्याचे ठेसन काढले: पहाट, इंजिनाची वाफ, तीत विरून गेलेल्या कापसाच्या गाठी. शेजारी नत्थुजी म्हणाला, "भगवंता, हे ठेसन नोहे, तुह्या डोयातलं पडळ होय."

हसलो, पण आतून भ्यालो. आंधळ्या माळ्याला रोप काय नि तण काय! पहिल्या मृत्युपत्रात लिहून टाकले की चित्र खरवडून कापड सूर्यभानाने बैलबंडीवर झाकायला घ्यावे. त्याने मागितलेच होते. तेल प्यालेल्या कापडातून पाणी झिरपत नाही.

संक्रांतीला मुलगी जमुना चार दिवस माहेरी आली. तिला घ्यायला आम्ही बापलेक ठेसनावर गेलो. गाडी आली, वाफ पसरली, मला काही दिसेना. म्हटले, नत्थुजी म्हणाला ते पडळ हेच. तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावरचा होला खालून ओळखणारा सूर्यभान ओरडला, "जमुने, कुठी हायेस वं? बाबा, मले काहीच दिसून नाही राह्यलं!"

इतके गोड वाक्य पोरगा जन्मात बोलला नव्हता.

वाफेतून आवाज आला, "अरे आंधया, तुह्या म्होरंच त उभी हाओ!" मी कापसाच्या गाठीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. घरी चित्र पाहून जमुना म्हणाली, "बाबा, मी याच्यातूनच त उतरली."

सबब पहिला कागद रद्द. चित्र कोणी खरवडू नये. ते जमुनेचे, कुंचल्यांसकट. भीतीपोटी घेतलेला चष्मा नत्थुजीस द्यावा. त्याची गरज मोठी.

सही: भगवंत शालिकराम
साक्षी: १. किसनराव पाटील २. वामनराव, देवळाचे पुजारी
मुक्काम आकोला, माघ शुद्ध पंचमी, शके १७८९

ता. क. जमुने, मरणाची वाट कशाला पाहायची? चित्र आजच्या गाडीने धाडतो. तेल अजून ओलसर आहे, बोट लावू नको. सासूबाई चित्राला भिंत देतात की नाही ते लवकर लिही. पत्र मीच वाचीन.